दहा दिवसांची सुट्टी देऊनही ती तशीच का? विद्यार्थी खेळाडूंचा बर्नआउट आणि त्यामागची मानसिक कारणं

प्रश्न एका जलतरण प्रशिक्षकाचा आहे. त्यांच्या गटातली सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. आठवड्यातले सहा दिवस सराव, त्यांपैकी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. चार महिन्यांपासून वेळ घसरतेय. सराव ती चुकवत नाही, पण येते, सांगितलेलं पोहते आणि निघून जाते. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. दहा दिवस सुट्टी दिली, तर परतल्यावर तिसऱ्याच दिवशी पुन्हा तोच चेहरा. हा आळस आहे, परीक्षेचं दडपण आहे की बर्नआउट? मानसिक कारणं कोणती, आणि आता करायचं काय?

आधी आळसाचा विषय संपवू. आळशी माणूस पहाटे साडेपाचला चार महिने नियमानं पाण्यात उतरत नाही. तुमच्या वर्णनातली सगळ्यांत कामाची माहिती म्हणजे सुट्टीचा उपयोग झाला नाही ही. नुसतं शरीर थकलेलं असतं, तर दहा दिवसांत थोडी तरी हुशारी आली असती. सुट्टीनं शरीराचा थकवा भरून निघतो. ज्या परिस्थितीमुळे खेळावरून मन उडालं ती सुट्टीत बदलत नाही. मुलगी परतते ती त्याच वेळापत्रकात, त्याच अपेक्षांमध्ये आणि पोहणं आता आपल्या हातात राहिलेलं नाही या त्याच भावनेत. त्यामुळे तिसरा दिवस पुरतो.

बर्नआउट नेमकं कशाला म्हणायचं

हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं सेवाभावी दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल वापरला. खेळात आज जी व्याख्या रूढ आहे ती थॉमस रेडेके यांची, १९९७ ची, आणि तिचा अभ्यास झाला होता तरुण जलतरणपटूंवरच. या व्याख्येत तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली, शरीर आणि मन दोन्हींचा न भरून निघणारा शीण. दुसरी, ‘मला काही जमतच नाही’ ही भावना, मग प्रत्यक्ष कामगिरी कशीही असो. तिसरी, खेळाचं मोल उतरणं, म्हणजे पूर्वी जीव की प्राण असलेल्या गोष्टीबद्दल ‘काय फरक पडतो’ असं वाटणं.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. थकवा कुणालाही येतो आणि आत्मविश्वास एका खराब स्पर्धेनंतरही डळमळतो. पण स्पर्धा हरल्याचं वाईटही वाटेनासं झालं, कपाटातली पदकं काढून ठेवावीशी वाटू लागली, सहकारी जिंकल्यावर आनंदही नाही आणि हेवाही नाही, अशी स्थिती आली की प्रकरण पुढे गेलं आहे असं समजा. पालक आणि प्रशिक्षक नेमकी हीच खूण ‘माज आलाय’ किंवा ‘लक्ष दुसरीकडे आहे’ अशी वाचतात. तो उदासीनपणा ही बहुतेक वेळा मनानं स्वतःभोवती घातलेली ढाल असते. जे सतत दुखतं त्याची किंमतच कमी केली की दुखणं कमी होतं.

मोजमापासाठी रेडेके आणि स्मिथ यांची २००१ ची प्रश्नावली सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात १५ विधानं आहेत, वरच्या तीन अंगांसाठी प्रत्येकी पाच. प्रत्येक विधानाला ‘जवळजवळ कधीच नाही’ ते ‘जवळजवळ नेहमी’ असं १ ते ५ मध्ये उत्तर द्यायचं आणि प्रत्येक अंगाची सरासरी काढायची. ‘या आकड्यापुढे बर्नआउट’ अशी वैद्यकीय रेघ तिच्यात आखलेली नाही. एका मुलीची तुलना दुसरीशी करण्यापेक्षा त्याच मुलीचा आजचा आकडा आणि दोन महिन्यांनंतरचा आकडा पाहणं जास्त उपयोगी. संघनिवडीसाठी ही प्रश्नावली कधीही वापरू नका. निवडीशी संबंध आहे हे मुलांना कळलं की उत्तरं छान येतात आणि निरुपयोगी होतात.

आधी हे वगळा

मनाकडे वळण्याआधी शरीर नीट तपासलेलं असलं पाहिजे. ‘रक्ताचे रिपोर्ट ठीक’ म्हणजे नेमकं काय तपासलं, हे विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची वेगळी तपासणी लागते, आणि पाळी सुरू असलेल्या, भरपूर सराव करणाऱ्या मुलींमध्ये ती केलीच पाहिजे. थायरॉइड आणि मागच्या काही महिन्यांत झालेला विषाणूजन्य ताप हेही डॉक्टरांना विचारा. सलग तीन महिने पाळी आली नसेल, वजन उतरलं असेल किंवा हाडांच्या दुखापती वारंवार होत असतील, तर सरावाच्या मानानं खाणं कमी पडतंय का हे आधी पाहायचं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून या ऊर्जेच्या तुटवड्याबद्दल सविस्तर मार्गदर्शन दिलं आहे. त्याची लक्षणं (थकवा, चिडचिड, घसरलेली कामगिरी) बर्नआउटसारखीच दिसतात. पण उपाय अगदी निराळे आहेत.

ओव्हरट्रेनिंग आणि बर्नआउट यांतही गल्लत होते. ओव्हरट्रेनिंगमध्ये शरीर झेपेल त्यापेक्षा जास्त भार घेऊन कोलमडतं, पण पुष्कळदा खेळाडूची इच्छा शाबूत असते. उलट तो आणखी सराव करायला बघतो. बर्नआउटमध्ये आधी इच्छा जाते. दोन्ही एकाच वेळी असू शकतात आणि एकातून दुसरं उद्भवूही शकतं. म्हणून सरावाचे तासच विचारू नका. ‘उद्या सराव रद्द झाला असं कळलं तर काय वाटेल?’ हेही विचारा. हळहळ वाटत असेल तर एक दिशा, हायसं वाटत असेल तर दुसरी.

नैराश्य मात्र हलक्यानं घेऊ नका. ढोबळ फरक असा: बर्नआउटमध्ये तलावावरून बाहेर पडल्यावर मुलगी मैत्रिणींमध्ये थोडी खुलते, आवडीचं काही करताना रमते. नैराश्यात रंग सगळीकडूनच उडालेला असतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास वाटणं, कशातच रस न उरणं, झोप किंवा भूक बिघडणं, आपण निकामी आहोत असं वाटणं, यांपैकी काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवायचं, वाट पाहायची नाही. जगावंसं वाटत नाही असं काही तिच्या बोलण्यातून सूचित झालं, तर सरळ शब्दांत विचारा: ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवा.

एक व्यावहारिक बाब. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात (अकरावी आवृत्ती) बर्नआउट आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाशी निगडित स्थिती म्हणून त्याचा उल्लेख आहे. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर ‘बर्नआउट’ लिहिलं नाही म्हणून काही झालंच नाही असा अर्थ काढू नये.

मानसिक कारणं

सर्वांत खोल कारण म्हणजे अडकल्याची भावना. ‘मला खेळायचंय’ आणि ‘मला खेळावं लागतंय’ या दोन मुली बाहेरून सारख्याच दिसतात. दोघी वेळेवर येतात, दोघी कष्ट करतात. रेडेके यांच्या अभ्यासात आवडीनं टिकून राहिलेल्या जलतरणपटूंपेक्षा अडकून पडलेल्यांत बर्नआउट स्पष्टपणे जास्त होता. अडकणं असं घडतं: आनंद कमी झालेला असतो, पण घातलेली वर्षं, घरच्यांनी केलेला खर्च, लोकांच्या अपेक्षा, शिष्यवृत्तीची शक्यता आणि ‘पोहणं सोडलं तर मी कोण?’ हा प्रश्न, सगळे मिळून दार बंद करतात. तिला विचारून पाहा: ‘समज, उद्या तू पोहणं सोडलंस. पहिल्या आठवड्यात काय होईल?’ ‘मला पाणी आठवेल’, ‘मुली आठवतील’ असं उत्तर आलं तर ओढ शिल्लक आहे. ‘बाबांना काय वाटेल’, ‘सगळं वाया जाईल’, ‘लोक विचारतील’ असंच येत राहिलं तर तिला धरून ठेवणारी फक्त साखळी आहे.

याचीच दुसरी बाजू समाजशास्त्रज्ञ जे कोकली यांनी १९९२ मध्ये मांडली. बर्नआउट ही मुलाच्या मनातली उणीव आहे असं मानण्यालाच त्यांचा आक्षेप होता. खेळाची व्यवस्थाच मुलाची ओळख एकाच गोष्टीवर उभी करते आणि त्याच वेळी त्याच्या आयुष्याचे निर्णय त्याच्या हातून काढून घेते, असं ते म्हणतात. सतरा वर्षांचं वय म्हणजे निरनिराळे अंगरखे घालून पाहण्याचं. या वयात ‘ती पोहणारी’ एवढीच ओळख उरली आणि ‘कधी, किती, कशासाठी पोहायचं’ हे सगळं दुसरे ठरवत असले, तर खेळातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग तिच्या ताब्यात राहतो: मनानं निघून जाणं. तुमच्या वर्णनातलं ‘येते, पोहते आणि निघून जाते’ हे बहुधा तेच आहे.

डेसी आणि रायन यांच्या सिद्धांतानुसार प्रेरणा टिकायला तीन गरजा भागाव्या लागतात: निर्णयात आपला वाटा असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटणं. बर्नआउट झालेल्या खेळाडूंमध्ये या तिन्हींचा तुटवडा वारंवार आढळला आहे. जलतरणात दुसरी गरज विशेष धोक्यात असते, कारण इथे घड्याळ शतांश सेकंदापर्यंत बोलतं. लहानपणी दर स्पर्धेत वेळ सुधारते. सोळा-सतराव्या वर्षी, विशेषतः मुलींमध्ये, शरीर बदलतं आणि सुधारणेचा वेग मंदावतो, कधी काही काळ थांबतोही. हे स्वाभाविक आहे, पण तिला कुणी सांगितलेलं नसतं. आतापर्यंत ‘जमतंय’ याचा एकमेव पुरावा वेळ हाच होता, आणि तो थांबला की आपणच थांबलो असं तिला वाटू लागतं.

परिपूर्णतेच्या हट्टाबद्दल जास्त सांगायला हवं, कारण प्रशिक्षक नकळत त्याला खतपाणी घालतात. त्याचे दोन पदर आहेत. उंच मापदंड ठेवणं हा पहिला. तो एकटा असेल तर बर्नआउटशी त्याचा संबंध फारसा नसतो, काही वेळा तो बचावही करतो. दुसरा पदर म्हणजे चुकीची धास्ती: चुकलं तर लोक काय म्हणतील, आपली किंमत उतरेल, प्रशिक्षक निराश होतील. हा पदर बर्नआउटशी सातत्यानं जोडलेला आढळतो. चक्र असं फिरतं. वेळ बिघडली की तिला वाटतं, मी पुरेशी मेहनत करत नाही. मग ती न सांगता जादा व्यायाम करते, जेवण कमी करते, झोप तोडून अभ्यास भरून काढते. थकवा वाढतो, वेळ आणखी बिघडते, आणि ‘मी कमीच पडते’ हा समज पक्का होतो. कडेला उभं राहून हे पाहणाऱ्याला ‘किती कष्टाळू मुलगी’ असंच वाटतं. अशा मुलांची खूण बोलण्यात सापडते. चांगल्या शर्यतीनंतरही पहिलं वाक्य चुकीबद्दलच असतं; कौतुक केलं की ती नजर चुकवते; विश्रांतीच्या दिवशी अपराधी वाटतं. रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३ मध्ये छंद आणि झपाटलेपण यांत जो फरक केला तो इथे उपयोगी पडतो. छंद माणूस बाजूला ठेवू शकतो, झपाटलेपण माणसाला बाजूला होऊ देत नाही.

शाळा आणि खेळ यांचा दुहेरी भार हा बहुतेकांना एकमेव कारण वाटतो, आणि तो हिशेब मांडून पाहणं खरंच डोळे उघडणारं असतं. आठवड्याचे १६८ तास. या वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते. ९ धरले तर ६३. शाळा ३५, घरचा अभ्यास १४, सराव १८, जाणं-येणं आणि कपडे बदलणं ८, खाणं-आंघोळ-आवरणं १८. बेरीज १५६. उरले १२, म्हणजे दिवसाला पावणेदोन तासही नाहीत, तेही तुकड्यातुकड्यांत. परीक्षेच्या आठवड्यात अभ्यास दुप्पट झाला तर हे १२ तास संपतात आणि पुढचं सगळं झोपेतून कापलं जातं. शाळेतला बर्नआउट आणि खेळातला बर्नआउट वेगवेगळे मोजता येतात, पण एकाची झळ दुसऱ्याला लागते. तरीही एवढाच भार असलेल्या दोन मुलींपैकी एकीचंच मन उडतं, हे विसरू नका. तास ही जमीन आहे. त्यात काय रुजतं ते आधी सांगितलेल्या गोष्टी ठरवतात.

उरलं भोवतालचं वातावरण. चांगली कामगिरी झाली की ऊब आणि खराब झाली की थंडपणा, हे प्रेम सशर्त असल्याचं मुलांना फार लवकर कळतं. डॅनियल गुल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तरुण टेनिसपटूंचा अभ्यास केला. बर्नआउट झालेल्यांना पालकांची टीका आणि अपेक्षा जास्त जाणवत होती आणि सरावाच्या निर्णयांत त्यांचा सहभाग कमी होता. शिक्षा म्हणून जादा लॅप देणं, सगळ्यांसमोर वेळा वाचून दाखवणं, एकीला वगळून दुसरीशी बोलणं, स्पर्धेनंतर गाडीत बसल्या बसल्या चुकांची उजळणी सुरू करणं, या सवयी आजच मोडता येतात. दीर्घकाळची दुखापत झाली तर हे सगळे घटक एकदम जागे होतात, कारण तेव्हा ओळख, क्षमता आणि संघ तिन्ही हातून सुटतात.

आता काय करायचं

सुरुवात एका बोलण्यानं करा. तलावाच्या काठावर नको, खराब सरावानंतर नको, इतरांच्या देखत नको. अर्धा तास ठेवा. दार उघडं असलेली किंवा लोकांच्या नजरेतली जागा निवडा, म्हणजे तिलाही सुरक्षित वाटेल. पहिलं वाक्य निरीक्षणाचं असू द्या: ‘गेले काही महिने तू पूर्वीसारखी रमताना दिसत नाहीस. वेळेबद्दल मला आज बोलायचं नाही. तुझं कसं चाललंय ते ऐकायचंय.’ मग गप्प बसा. दहा-पंधरा सेकंदांची शांतता प्रशिक्षकांना असह्य होते आणि ते सल्ला द्यायला लागतात. तिथेच संवाद संपतो. ‘तुझ्यात केवढी क्षमता आहे’ हे वाक्य टाळा, थकलेल्या मुलीला ते कर्जाच्या आठवणीसारखं ऐकू येतं. ‘आता थोडेच महिने राहिले’ हेही नको. तिनं सांगितलेलं घरी कळवणार की नाही हे आधीच स्पष्ट करा: जिवाला धोका असेल तरच सांगेन, बाकी तुला विचारून.

मग विश्रांती, पण या वेळी वेगळी. साधारण दोन आठवडे धरा, गरज दिसली तर वाढवा. मागच्या दहा दिवसांत बहुधा गटाच्या चॅटवर सरावाच्या वेळा आणि इतरांचे आकडे येतच होते, आणि परतायची तारीख डोक्यावर टांगलेली होती. अशी सुट्टी मनाला मिळतच नाही. या वेळी सरावाचे संदेश तिच्यापुरते बंद. परतल्यावर चाचणी होणार नाही, हे आधीच सांगा. उठण्या-झोपण्याची वेळ ठरलेली राहू द्या. सुट्टीत दुपारपर्यंत झोपून रात्री जागलं की थकवा तसाच राहतो. हालचाल हवी, पण तिच्या आवडीची आणि न मोजता: चालणं, सायकल, काहीही. मैत्रिणींशी संबंध मात्र तोडू नका. तलावाला सुट्टी, माणसांना नाही. हाच बारकावा चुकला तर मुलगी घरी एकटी पडते आणि आणखी खचते.

परतताना पहिले दोन आठवडे तीन सत्रं, आधीच्या निम्म्या अंतरानं, सगळी संध्याकाळची, स्टॉपवॉचशिवाय. प्रत्येक सत्रात दोन गोष्टी तिनं ठरवायच्या: मुख्य सेटचा स्ट्रोक, क्रम, कुणासोबत पोहायचं, किंवा आज कधी थांबायचं. ‘तुला काय वाटतं?’ असं तोंडदेखलं विचारून शेवटी आपलंच करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. देता येतील तेवढेच पर्याय द्या, पण दिलेले पाळा. त्यानंतर वाढ या क्रमानं: आधी दिवस, मग प्रत्येक सत्राचा कालावधी, मग तीव्रता, सगळ्यांत शेवटी स्पर्धा. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची आणि मग आठवडाभर थांबून बघायचं. पहाटेची सत्रं परत आणण्याची घाई नको. या वयात झोपेचं घड्याळ मुळातच उशिरा सरकलेलं असतं, त्यामुळे पहाटेचं सत्र म्हणजे बहुतेकदा झोपेवरच घाला.

रोजच्या नोंदीसाठी चार आकडे पुरेत: झोपेचे तास, सरावाला जावंसं किती वाटतं (० ते १०), अभ्यासाचा ताण (० ते १०) आणि सरावाचा भार. भार काढण्याची कार्ल फॉस्टर यांची पद्धत सोपी आहे. सत्र संपल्यावर साधारण अर्ध्या तासानं ‘एकंदर किती कठीण गेलं’ याला ० ते १० मधला आकडा द्यायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटं आणि ६ असेल तर ५४०. सत्र संपताक्षणी विचारलं तर शेवटच्या सेटचाच आकडा मिळतो, म्हणून अर्धा तास थांबायचं. कामापुरता ढोबळ नियम असा ठेवा: तेवढाच सराव ‘किती कठीण गेला’ याचा आकडा नेहमीपेक्षा दोननं चढला आणि जाण्याची इच्छा सलग पाच दिवस उतरत राहिली, तर त्या आठवड्यात वाढ करायची नाही, बोलायचं. वीस प्रश्नांचे फॉर्म दुसऱ्या आठवड्यापासून आंधळेपणानं भरले जातात. आणि आकडे खाली आले म्हणून एकदाही कुणाला रागावलात, तर त्या दिवसापासून सगळ्या नोंदी खोट्या समजा.

धास्तीवर काम करायला दोन साध्या सवयी आहेत. सत्रानंतर तिनं दोन वाक्यं लिहायची: आज काय नीट झालं आणि मी काय केलं म्हणून झालं, उद्या कोणती एक गोष्ट करून बघणार. दोन्हींत वेळेचा उल्लेख नको, कृती हवी. ‘प्रत्येक टर्ननंतर पाण्याखाली चार किक पूर्ण केल्या’ असं. दुसरी सवय: स्वतःबद्दलचं कठोर वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवायचं आणि त्याखाली हेच मैत्रिणीच्या बाबतीत झालं असतं तर आपण तिला काय म्हणालो असतो ते लिहायचं. पहिल्या काही दिवसांत हे कृत्रिम वाटेल, तरी चालू ठेवा. धास्ती खाण्यापिण्यावर किंवा झोपेवर चढली असेल, तर मानसशास्त्रज्ञांकडे विचार-वर्तन उपचार पद्धतीनं काम करून घेणं हा चांगला मार्ग आहे. प्रशिक्षकानं उपचारक होऊ नये.

पालकांना एकदा स्वतंत्रपणे भेटा. त्यांना ‘दबाव टाकू नका’ एवढंच सांगून उपयोग नाही. आपण दबाव टाकतो असं कुणालाच वाटत नसतं. नेमकी वागणूक सांगा. घरी परतताना पोहण्याचा विषय मुलीनं काढला तरच बोलायचं. दिवसातलं पहिलं वाक्य सरावाबद्दल नको. खर्चाचा उल्लेख तिच्यासमोर नको, कौतुकानंही नको. आठवड्यातले काही तास पोहण्याशी आणि गुणांशी संबंध नसलेल्या गोष्टीला राखून ठेवा.

वेळापत्रक पुढच्या वर्षासाठी आत्ताच बसवा. शाळेच्या परीक्षांच्या तारखा आधी लिहा आणि सरावाची योजना त्यांच्याभोवती मांडा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यापासून भार तिसऱ्या हिश्शानं ते निम्म्यानं कमी करा. परीक्षा संपल्यावर विश्रांती देणं उशिराचं असतं. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की आठवड्यात किमान एक दिवस खेळातून पूर्ण सुट्टी आणि वर्षभरात मिळून दोन ते तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून दूर राहावं. हे महिने सलग हवेत असं नाही, एकेक महिन्याचे तुकडे चालतात.

सोडण्याचा विषयही उघडा बोला. सहा-आठ आठवड्यांनंतर, थकवा उतरल्यावर, तिच्यासमोर खरे पर्याय ठेवा: शर्यतीचा प्रकार बदलणं, दिवस कमी करणं, स्पर्धेविना पोहणं, काही काळ थांबणं, पूर्ण सोडणं. दार खरंच उघडं आहे हे कळल्यावर पुष्कळ मुलं आत राहतात, पण त्या हिशेबानं दार उघडू नका. त्यांना तो डाव लगेच ओळखू येतो. तिनं सोडलंच, तर पुढचे काही महिने तिच्या संपर्कात राहा. सवय, मैत्रिणी आणि ओळख एकाच आठवड्यात गेलेल्या असतात, आणि नेमका त्याच वेळी फोन थांबतो.

आणि परतीच्या काळात एका गोष्टीनं फसू नका. विश्रांतीनंतर वेळ अचानक सुधारू शकते, कारण शरीर ताजं झालेलं असतं. त्या दिवशी जावंसं वाटण्याचा आकडा पाहा. वेळ चांगली आणि आकडा तीन-चारवरच अडकलेला असेल, तर ती धास्तीवर पोहते आहे. तिथे भार वाढवू नका, स्पर्धेचं नाव देऊ नका, आणि पहिल्या बोलण्यात ती जिथे अडखळली होती तिथून पुन्हा बोलायला लागा.